घरी बांधलेल्या दोन आसनी गाडीचा डॅशबोर्ड: कामाच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, वागळे इस्टेट, ठाणे

चौकट, इंजिन, स्टिअरिंग आणि ब्रेक ही कामे जूनअखेर उरकल्यामुळे आजपासून डॅशबोर्डला हात घातला. पुढे या नोंदी चाळताना उपयोगी पडावी म्हणून गाडीची माहिती आधी लिहून ठेवतो. गाडी दोन आसनी आणि बिनछताची आहे. चौकट २५ मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी पाइपची, अंगावरचे कवच फायबरचे, आणि इंजिन भंगारात निघालेल्या १९९८ सालच्या मारुती ८०० चे, म्हणजे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि कार्ब्युरेटरवर चालणारे आहे. मूळ गाडीत पुढे आडवे बसणारे हे इंजिन गिअरबॉक्ससह मी आसनांच्या मागे बसवले आहे. रेडिएटर मात्र नाकापाशीच ठेवला असून पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२, म्हणजे निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल गाडीत करण्यास मनाई करणारे कलम, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय वाचल्यावर ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, हे मी काम सुरू करण्यापूर्वीच ठरवले होते. ती टेम्पोत चढवून मुरबाडजवळच्या मामेभावाच्या जमिनीवर न्यायची आणि तेथील खाजगी रस्त्यावरच चालवायची आहे.

इंजिन मागे गेल्यामुळे डॅशबोर्डकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. नेहमीच्या गाडीत इंजिन तापले तर बोनेटच्या फटीतून वाफ दिसते, तेल गळले तर जळका वास नाकात शिरतो. येथे वाफ आणि वास दोन्ही पाठीमागे राहतील आणि वाऱ्याबरोबर निघून जातील, त्यामुळे चालकाला इंजिनाची खबर फक्त सुयांवरून मिळणार आहे. म्हणून प्रत्येक मीटर गाडीत बसवण्यापूर्वी त्याची सुई खरे सांगते की नाही हे स्वतंत्रपणे तपासायचे, असे मी ठरवले आहे. डॅशबोर्ड सुंदर व्हावा असे मलाही मनापासून वाटते, पण क्रम हाच राहील.

१८ ऑगस्ट २०२४

फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पूर्ण मापाचा नमुना केला आणि तो चिकटपट्टीने चौकटीला लावून आसनावर बसलो. मुलीने बाजूला उभे राहून माझ्या डोळ्यापासून स्टिअरिंगच्या कडेपर्यंत दोरी ताणली आणि ती दोरी पुठ्ठ्याला जेथे टेकली तेथे पेन्सिलने खुणा केल्या. स्टिअरिंगची वरची कड आणि मधले दोन दांडे मिळून पुठ्ठ्याचा जो भाग झाकतात तो माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. कागदावर काढलेल्या आराखड्यात तेलाच्या दाबाचे मीटर नेमके त्याच झाकल्या जाणाऱ्या भागात येत होते.

नवी मांडणी अशी ठरली: स्टिअरिंगच्या कड्यातून दिसणाऱ्या जागेत डावीकडे आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, आणि उजवीकडे वेग, ही दोन्ही ८० मिलिमीटरची मीटरे, त्या दोहोंच्या मधोमध, किंचित वर, पाण्याचे तापमान, आणि कड्याच्या डावीकडे, म्हणजे गाडीच्या मध्याकडे, तेलाचा दाब, पेट्रोल आणि व्होल्ट, ही तिन्ही ५२ मिलिमीटरची. तापमानाला सर्वांत चांगली जागा दिली आहे, कारण लांब पाइपांच्या या मांडणीत पहिली कुरबूर पाण्याचीच होईल असा माझा अंदाज आहे.

तेलाच्या दाबासाठी तांब्याच्या नळीतून प्रत्यक्ष तेल मीटरपर्यंत आणणारा प्रकार मी विचारातही घेतला नाही. गरम तेलाची अडीच मीटरची नळी दोन माणसांच्या मांड्यांजवळून न्यायची आणि ती कधी फुटणार नाही असे धरून चालायचे, हे मला पटत नाही. इंजिनावर विजेचा सेंडर, म्हणजे मोजमाप करून मीटरला संकेत पाठवणारा भाग, आणि तेथून एक वायर, इतकेच.

२५ ऑगस्ट २०२४

मीटरे ज्यावर बसतील त्या मुख्य पाटीसाठी १२ मिलिमीटरचे मरीन प्लाय की २ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, हा प्रश्न आज सुटला. प्लाय कापायला सोपे आहे, परंतु जुलैमध्ये गाळ्यात ठेवलेला एक उरलेला तुकडा कडेने फुगलेला दिसला आणि बिनछताच्या गाडीत तो धोका पत्करावासा वाटला नाही. पत्रा घेतला. पलीकडच्या गाळ्यातील ब्रेक प्रेसवर त्याची खालची कड ४० मिलिमीटर मागे वळवून आणली. तेथील कारागिरांनी वळवण्याआधी पत्र्याचा ग्रेड विचारला हे मला आवडले, कारण कडक ग्रेड असता तर वळणावर तडा गेला असता.

८ सप्टेंबर २०२४

घरी गणपती. काम बंद.

२२ सप्टेंबर २०२४

मीटरांवर ऊन पडून काचा चकाकू नयेत म्हणून वर जो छज्जा हवा तो फायबरचा केला. थर्माकोलचा साचा, त्यावर पॅकिंग टेप, त्यावर मेणाचे पॉलिश आणि मग चॉप्ड मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तीन थर. रेझिनमध्ये घट्ट होण्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट आधी पूर्ण मिसळून घेतले आणि घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारे कॅटॅलिस्ट सर्वांत शेवटी घातले. ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत पडली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यांच्या बाटल्या मी गाळ्याच्या दोन टोकांना ठेवतो आणि मोजायची भांडीही वेगळी ठेवली आहेत.

दिवसभर पाऊस होता. सहा तासांनंतरही छज्ज्याचा पृष्ठभाग बोटाला चिकटत होता. पॉलिएस्टर रेझिनचा हवेला लागलेला थर तसाही लवकर सुकत नाही, आणि दमट हवेत त्याला आणखी वेळ लागतो. शेवटच्या थरावर प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म ताणून हवा तोडली आणि रात्रभर दोनशे वॉटचा दिवा शेजारी ठेवला. सकाळी फिल्म ओढली तेव्हा खालचा थर काचेसारखा कडक झाला होता.

२९ सप्टेंबर २०२४

भोके पाडली. होल सॉ हातातल्या ड्रिलला लावली तर पत्र्यावर नाचते, म्हणून पाटी टेबल ड्रिलवर नेली, खाली प्लायचा तुकडा धरला आणि सर्वांत कमी वेगावर, रॉकेलचे थेंब सोडत एकेक भोक पाडले. ८० मिलिमीटरची भोके ७९ वर थांबवून उरलेले अर्धगोल कानशीने घासत नेले. मीटरची कड भोकात अंगठ्याच्या दाबाने, हलका खरखर आवाज करत शिरली आणि पाटी उलटी केली तरी पडली नाही, तेव्हा पुढच्या भोकाकडे वळलो. सहा भोकांना पाच तास लागले.

६ ऑक्टोबर २०२४

आजचा पूर्ण दिवस पेट्रोलच्या मीटरवर गेला आणि तो गेला याचे मला समाधान आहे.

दुकानातून ‘सर्व गाड्यांना चालते’ असे सांगून दिलेले मीटर जोडले तर रिकाम्या टाकीला सुई अर्ध्याच्या वर आणि सेंडरचा तरंगणारा फ्लोट वर उचलला की शून्याच्याही खाली जात होती. मल्टिमीटर लावल्यावर उलगडा झाला. मारुतीच्या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना ११२ ओहम आणि भरलेली असताना ४ ओहम भरतो, म्हणजे पेट्रोल वाढले की रोध घटतो. विकत आणलेल्या मीटरला मात्र रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम लागतात. दोघांची दिशाच उलटी आहे. अशी जोडी नुसती चुकीची नाही, ती फसवी आहे. कारण टाकी अर्धी असताना ती फार वावगे काही दाखवत नाही आणि टाकी संपत आली की सुई वर वर चढत जाते.

शेवटी मारुतीच्या जुन्या मीटरमधले पेट्रोलचे यंत्र काढून ते नव्या मीटरच्या डब्यात बसवले आणि तबकडी स्वतः आखायचे ठरवले. माझी २२ लिटरची टाकी वाकड्या आकाराची, तळाशी निमुळती आहे, त्यामुळे सुईच्या समान अंतराचा अर्थ समान लिटर असा होत नाही. टाकी अजून कोरी असल्याने तिच्यात पाणी ओतून, दर दोन लिटरला थांबून, सुईची जागा तबकडीवर पेन्सिलने नोंदवली. पहिल्या चार लिटरपर्यंत फ्लोट हललाच नाही. नंतरच्या सहा लिटरमध्ये सुईने जवळजवळ अर्धी तबकडी ओलांडली आणि वरच्या रुंद भागात तिची चाल मंदावली. म्हणून तबकडीवर ‘अर्धी’, ‘पाव’ असे काही न लिहिता ४, ६, ८, १०, १५, २० असे लिटरचे आकडे, जेथे येतील तेथे, लिहिले आहेत. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यात फ्लोट किंचित खोल बसेल आणि सुई असलेल्यापेक्षा थोडे कमी दाखवील. ही चूक सुरक्षित बाजूची असल्यामुळे ती तशीच राहू दिली.

टाकी निथळून उन्हात उलटी ठेवली आहे.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. अवजारांची आणि गाडीची पूजा केली. डॅशबोर्डच्या जागी अजून पोकळीच आहे, म्हणून झेंडूचे तोरण स्टिअरिंगच्या दांड्याला बांधले.

२० ऑक्टोबर २०२४

आरपीएमचे मीटर चार, सहा किंवा आठ सिलिंडरसाठी खटका सरकवून लावता येते. तीन सिलिंडरची सोय त्यात नाही. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, म्हणजे चार सिलिंडरला फेरीमागे दोन ठिणग्या आणि तीन सिलिंडरला दीड. खटका चारवर ठेवला तर मीटर खऱ्या आकड्याच्या तीन चतुर्थांश दाखवणार, आणि ३००० फेऱ्यांना २२५० म्हणणार. चालक तेवढ्याने गाफील राहून इंजिन मर्यादेबाहेर ताणू शकतो.

मीटर उघडल्यावर आत पेचाने फिरवता येणारा छोटा प्रीसेट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रोध, मिळाला. तो लावायचा तर खात्रीचा, ठरावीक वेगाने येणारा संकेत हवा, आणि तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या अगदी जवळ सांभाळली जाते. नियमांनुसार तो पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतका अरुंद आहे. ट्रान्सफॉर्मरने दाब १२ व्होल्टपर्यंत उतरवला आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड लावला की सेकंदाला ५० ठोके मिळतात. फेरीमागे दीड ठोका धरला तर ते मिनिटाला बरोबर २००० फेऱ्यांइतके होतात. डायोडच्या जागी चार डायोडांचा ब्रिज लावला की १०० ठोके, म्हणजे ४००० फेऱ्या.

जोडल्यावर सुई अपेक्षेप्रमाणे १५०० वर उभी राहिली. प्रीसेट केसाएवढा फिरवत ती २००० च्या रेघेवर आणली, मग ब्रिज लावला आणि ती ४००० च्या रेघेपासून अर्ध्या रेघेवर थांबली. प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का केला.

२७ ऑक्टोबर २०२४

वेगमापकाची मूळ केबल गिअरबॉक्सपासून पुढच्या डॅशबोर्डपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नाही आणि तेवढ्या लांब केबलीला वळणे पडली की सुई थरथरते. म्हणून मागच्या डाव्या शाफ्टवर दोन भागांची अ‍ॅल्युमिनियमची कडी आवळली, तिच्यात चार चुंबके बसवली आणि समोर हॉल सेन्सर लावला, जो चुंबक जवळून गेले की एक ठोका देतो. मी आसनावर बसलो, टायरवर खडूची खूण केली आणि मुलीने व भावाने गाडी दहा फेऱ्या ढकलली, अंतर १५.५ मीटर भरले. म्हणजे फेरीला १.५५ मीटर, किलोमीटरला ६४५ फेऱ्या आणि २५८० ठोके. हा आकडा मीटरमध्ये भरून पुन्हा सॉकेटचे ५० ठोके दिले. हिशेबाने ताशी ६९.८ किलोमीटर यायला हवे होते, सुई ७० वर आली.

१० नोव्हेंबर २०२४

वायरिंग. दोन हेडलाइटांचे मिळून १२० वॉट, म्हणजे १० अँपिअर, डॅशवरच्या नाजूक खटक्यातून जाऊ नयेत म्हणून हेडलाइट, हॉर्न आणि रेडिएटरचा पंखा यांना रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे खटके, दिले. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची स्लीव्ह चढवली.

संध्याकाळी एक दोष सापडला. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तापमानाची सुई दोन रेघा हलायची आणि पंखा थांबला की परत यायची. लोखंडी गाडीत बॉडी हीच अर्थ, म्हणजे विजेचा बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीचा मार्ग, असते. माझे कवच फायबरचे आहे, चौकटीवर पावडर कोटिंग आहे आणि पाटी रबरी बुशांवर टेकलेली आहे, त्यामुळे मीटरांना अर्थ मिळेल ती फक्त मी दिलेल्या वायरमधून. मी पंख्याची आणि मीटरांची अर्थ एकाच स्टडवर घेतली होती. पंखा चालू असताना त्या स्टडपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ०.४ व्होल्ट भरले. मीटरांची अर्थ वेगळी काढून, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरने थेट इंजिन ब्लॉकवर नेली, कारण सेंडरही तेथेच अर्थ होतात. आता पंखा सुरू असो वा बंद, सुई जागची हलत नाही.

१७ नोव्हेंबर २०२४

कुशनवाले मामा रेक्झीन घेऊन गाळ्यावर आले. “साहेब, आधी सगळे कोपरे दाखवा, मग कात्री लावतो,” म्हणाले, आणि खरोखरच पाऊण तास नुसता हात फिरवून छज्ज्याची वळणे पाहत होते. छज्ज्याच्या पुढच्या कडेवर त्यांनी दुहेरी टाक्यांची शिवण घातली आहे. पाच मिलिमीटरच्या अंतराने दोन ओळी, एकही टाका वाकडा नाही. रंग मुद्दाम मंद काळा घेतला, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडणार नाही. वरची कड त्यांनी पाटीवर वळवून सोल्युशनने चिकटवली, आणि तसे करायला मीच सांगितले होते.

दुपारी सर्व बसवून इंजिन सुरू केले. व्होल्टमीटर १२.३ वर, आणि इंजिन कितीही फिरवले तरी तेथेच. चार्जिंगचा लाल दिवा मंद तेवत राहिला. चाचणीच्या दिवसांत हेच अल्टरनेटर व्यवस्थित चार्ज करत होते. फरक एकच झाला होता: तेव्हा लोंबकळत्या होल्डरमध्ये ३ वॉटचा साधा बल्ब होता, आणि आता त्याच्या जागी मी एलईडी बसवला होता. माझ्या अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व याच दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहाने मिळते. ३ वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर जातो, एलईडीमधून त्याचा दहावा हिस्साही जात नाही. दिव्याचे काम फक्त उजेड देण्याचे आहे असे समजून मी चार्जिंगच्या मंडलाचा एक भागच काढून टाकला होता.

दोष दहा मिनिटांत कळला, पण त्या होल्डरपर्यंत हात पोहोचायला पाच तास लागले. बावीस स्क्रू काढले, स्टिअरिंगचा कॉलम खाली घेतला, चिकटवलेली रेक्झीनची कड सोडवली आणि सतरा वायरी एकेक करून सुट्या केल्या. बल्ब लावल्यावर १४.१ व्होल्ट आले. मामांनी इतक्या मायेने बसवलेली कड मात्र दोन ठिकाणी फाटली, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

२४ नोव्हेंबर २०२४

पाटी पुन्हा बसवली नाही. ज्या डॅशबोर्डचा एक बल्ब बदलायला पाच तास लागतात तो मुरबाडच्या माळावर बंद पडला तर गाडी ढकलतच परत आणावी लागेल. म्हणून बसवण्याची सारी पद्धत बदलतो आहे. वर चौकटीला दोन खुंट्या, ज्यांवर पाटी अडकेल. खाली रिव्हेट नटमध्ये चार एम ६ अ‍ॅलन बोल्ट. आणि सर्व वायरी दोन कनेक्टरांतून, एक चोवीस पिनांचा आणि एक बारा पिनांचा. दोन्हींचे आकार वेगळे घेतले आहेत, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. पाटी मांडीवर उलटी घेऊन पाहता यावी म्हणून हार्नेसला तीस सेंटिमीटरची ढील ठेवली. छज्जा आणि पाटी आता वेगळे आहेत. मामा नवीन रेक्झीन लावून देणार आहेत आणि या वेळी पाटीवर सोल्युशनचा थेंबही पडणार नाही.

१ डिसेंबर २०२४

पाटी काढायला सहा मिनिटे, लावायला आठ. मुलीने मोबाइलवर वेळ लावून दोनदा खात्री केली.

८ डिसेंबर २०२४

गाळ्यात अर्धा तास इंजिन चालवले. तापमानाची सुई ६० च्या पुढे गेली नाही, पण इंजिनातून निघणाऱ्या पाइपला हात लावला तर चटका बसत होता. पहिला संशय मीटरवर येणे स्वाभाविक होते, परंतु हेच मीटर आणि हाच सेंडर सप्टेंबरमध्ये मी जुन्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरून पाहिले होते आणि सुई १०० वर आली होती. त्यामुळे सुई खोटे बोलत नसून तिला पाण्याऐवजी दुसरेच काही लागत असावे, असे धरून पुढे गेलो. सेंडर इंजिनाच्या माथ्यावर आहे आणि रेडिएटर पुढे, सखल. माथ्यावर हवा अडकली की सेंडर पाण्यात न बुडता हवेत राहतो आणि कमी तापमान दाखवतो.

इंजिन थंड होऊ दिले. थर्मोस्टॅटच्या घरावर हवा सोडायची निपल बसवली, गाडीचे नाक जॅकवर उचलले, पाणी ओतत निपल उघडी ठेवली. बराच वेळ फसफस होत राहिली आणि नंतर पाण्याची अखंड धार लागली. सव्वा लिटर पाणी जास्तीचे मावले.

१५ डिसेंबर २०२४, मुरबाडजवळ

पहाटे टेम्पोत गाडी चढवली. माळावरच्या रस्त्यावर ताशी ४० पर्यंत चालवली. मोबाइलवरचा जीपीएस ३९ दाखवत असताना सुई ४० वर होती. तीन फेऱ्यांनंतर गाडी उभी करून इंजिन चालूच ठेवले आणि पाइपांचे सांधे पाहायला मी मागे वाकलो. तेथून डॅशबोर्ड दिसत नाही. मुलगी चालकाच्या आसनावर बसली होती.

“तापमान?” मी विचारले.

“पंच्याऐंशी, बाबा. थांबा, अठ्ठ्याऐंशी. पंखा लागला.”

पुढून पंख्याचा आवाज आला.

“व्होल्ट?”

“चौदाच्या किंचित वर. हलत नाहीये. तेलाचा दाब तीनवर.”

उजव्या पाइपच्या सांध्याला ओल दिसली, तेव्हा क्लिप अर्धा आटा आवळली.